नव्या शहरात ख्रिस्ती सहभागिता कशी शोधावी: मराठवाड्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून मी बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरला शिकायला आले, तेव्हा चर्च शोधावे लागते ही कल्पनाच मला नव्हती. गावात चर्च होते तसेच होते, विहीर असावी तसे, आणि रविवारी मी दिसले नाही तर दुपारपर्यंत कोणीतरी घरी येऊन "पोरीला ताप आहे का?" असे विचारून जाई. शहरात पहिले दोन महिने मी दर रविवारी शेवटच्या बाकावर बसत असे, आशीर्वाद झाला की शेवटचे गीत संपायच्या आत चप्पल पायात सरकवून बाहेर पडत असे आणि संध्याकाळी आईला फोनवर सांगत असे की इथली माणसे फार कोरडी आहेत. माणसे जवळ येण्याआधीच मी निघून जात होते, हे माझ्या लक्षात यायला ऑगस्ट उजाडला. हा लेख त्या दोन महिन्यांपायी लिहिला आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून पहिल्या वर्षाला शिकणारा विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी स्वतः प्रोटेस्टंट मंडळीत वाढले असल्याने माझे अनुभव त्या बाजूचे अधिक आहेत. कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी जे वेगळे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

1. घर सोडण्यापूर्वी: एक पत्र आणि काही कागद

सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे तुमच्या गावच्या पाळकांनी किंवा धर्मगुरूंनी दिलेले ओळखपत्र. मंडळीच्या लेटरहेडवर चार ओळी पुरेशा असतात: हा विद्यार्थी किंवा ही विद्यार्थिनी आमच्या मंडळीची सभासद आहे, बाप्तिस्मा झाला आहे, दृढीकरण (बाप्तिस्म्यातील विश्वास मोठेपणी पक्का करण्याचा विधी) झाले आहे किंवा व्हायचे आहे, शिक्षणासाठी अमुक शहरात येत आहे, कृपया सांभाळून घ्यावे. हे पत्र सभासदत्व बदलण्याच्या दाखल्यापेक्षा वेगळे असते. शिक्षणासाठी तीन-चार वर्षे बाहेर राहणाऱ्याने सभासदत्व गावातच ठेवावे, असे माझे मत आहे, कारण पुढे लग्नाच्या वेळी लागणारी नोंद आणि पत्र तिथूनच सहज मिळते.

सोबत घ्यायच्या गोष्टी अशा:

– बाप्तिस्म्याच्या (कॅथलिकांसाठी स्नानसंस्काराच्या) दाखल्याची आणि झाले असल्यास दृढीकरणाच्या दाखल्याची प्रत. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थेच्या महाविद्यालयात त्या कोट्यातून प्रवेश घेताना हा दाखला किंवा मंडळीचे पत्र मागितले जाते, तेव्हा ऐन जुलैमध्ये गावी पळापळ करण्यापेक्षा तो आधीच जवळ असलेला बरा.
– वरील ओळखपत्र, सही आणि शिक्क्यासह. शिक्का विसरू नका. माझ्या पत्रावर तो नव्हता आणि पाळकांनी तसे पत्र परत पाठवले नाही एवढेच.
– स्वतःचे बायबल आणि गीतांचे पुस्तक. मोबाईलवर दोन्ही मिळतात, परंतु अनेक मंडळ्यांत गीत क्रमांकाने सांगितले जाते आणि पुस्तक हाती असलेला शेजारी लगेच जोडला जातो.
– गावातील कोणाचे तरी, शहरात राहणारे, एक नाव व फोन क्रमांक. हे पाळकांनाच विचारा; त्यांची शहरात एक तरी ओळख असतेच.

2. शहरात कोणकोणत्या मंडळ्या आहेत, हे समजून घ्या

खेड्यात एकच चर्च असल्याने पंथांतला फरक आपल्याला शिकवलेला नसतो, आणि शहरात पाट्या वाचताना गोंधळ उडतो. मराठवाड्यातील जुन्या मंडळ्यांची वंशावळ थोडी माहीत असली तर तो गोंधळ बराच कमी होतो. औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रेव्हरंड रतनजी नवरोजी या मूळच्या पारशी पाळकांनी काम केले. ती अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, परंपरा होती. जालन्यात स्कॉटलंडच्या मिशनचे काम होते आणि रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. ती प्रेस्बिटेरियन परंपरा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली आणि या दोन्ही परंपरा एका छताखाली आल्या. म्हणूनच सीएनआय अशी एकच पाटी असलेल्या दोन चर्चमध्ये एकीकडे छापील उपासनाविधी शब्दशः चालतो, तर दुसरीकडे पाळक आपल्या शब्दांत लांब प्रार्थना करतात. दोन्ही आपलीच आहेत. "इथे काहीतरी वेगळेच चालले आहे" असे समजून घाबरू नका. मीही घाबरले होते, कारण आमच्याकडे कोणी पुस्तकात पाहून प्रार्थना करत नसे.

कॅथलिक विद्यार्थ्यांचे काम या बाबतीत सोपे आहे. 1977 मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला. आपण राहतो तो भाग कोणत्या धर्मग्रामात, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत, येतो एवढे विचारले की फादर, मिस्साची (कॅथलिक उपासनेची) वेळ आणि युवकांचा गट या तिन्ही गोष्टी एकाच जागी समजतात. मिस्सा मराठीत आहे की इंग्रजीत, हे मात्र वेळेबरोबरच विचारून घ्या.

याखेरीज मेथडिस्ट, पेन्टेकॉस्टल, ब्रदरन आणि कोणत्याच मोठ्या संस्थेशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्या मोठ्या शहरांत आढळतात, आणि केरळहून आलेल्या परिचारिका व शिक्षकांच्या मल्याळम उपासनाही काही ठिकाणी होतात. स्वतंत्र मंडळी म्हणजे वाईट मंडळी नव्हे. पण तिथे पाळकांना जाब विचारणारे वर कोणी नसते, म्हणून पाचव्या भागातील प्रश्न तिथे अधिक काळजीपूर्वक विचारावे लागतात.

3. पहिले चार रविवार

माझा सल्ला असा की पहिल्या दोन रविवारी दोन वेगवेगळ्या ठिकाणी जा आणि तिसऱ्या रविवारपासून त्यांतील एक धरून ठेवा. दर रविवारी नवे चर्च पाहत फिरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत; वर्षाच्या शेवटी त्यांना शहरातल्या सगळ्या वाद्यवृंदांची खडानखडा माहिती असते, पण आजारी पडल्यावर डबा आणून देणारे एकही घर त्यांच्या ओळखीचे नसते. निवड करताना संगीत आणि प्रवचन यांपेक्षा अंतराकडे आधी पाहा. वसतिगृहापासून चालत किंवा एका रिक्षात पोहोचता येईल अशी साधी मंडळी, दोन बस बदलून गाठाव्या लागणाऱ्या उत्तम मंडळीपेक्षा नोव्हेंबरच्या परीक्षेत अधिक उपयोगी ठरते.

जाण्याआधी वेळ फोनवरून विचारा, कारण उन्हाळ्यात आणि सणाच्या काळात ती बदलते. पंधरा मिनिटे आधी पोहोचा आणि मधल्या बाकांवर, शक्यतो एखाद्या कुटुंबाशेजारी बसा. ज्या रविवारी प्रभूभोजन असते, त्या दिवशी काय करायचे हे आधी ठरवा: दृढीकरण झाले नसेल तर अनेक मंडळ्यांत आपण पुढे जात नाही, आणि कॅथलिक मिस्सामध्ये इतर पंथीयांनी ख्रिस्तप्रसाद घेऊ नये अशी शिस्त आहे. जागेवर बसून राहण्यात कसलाही कमीपणा नाही.

खरी ओळख होते ती उपासना संपल्यावर, चर्चच्या दारात आणि अंगणात. तिसऱ्या महिन्यात मला हे कळले तेही पावसामुळे. आशीर्वादानंतर नेहमीप्रमाणे पळाले, पण बाहेर धो धो पाऊस होता, म्हणून पायरीवर अडकून पडले. शेजारी एक आजी छत्रीची मोडकी काडी दोऱ्याने बांधत उभ्या होत्या. त्यांनी वर न पाहताच विचारले, "कोणत्या गावची गं तू?" मी गाव सांगितले. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि मग माझ्या आजोबांचे नाव त्यांनीच मला सांगितले. माझे आजोबा आणि या आजींचा भाऊ एकाच मिशन शाळेच्या बोर्डिंगात होते. दुपारी मी त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी आणि बोंबलाची चटणी खात होते. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज लहान आहे आणि नात्यागोत्याने एकमेकांत गुंतलेला आहे. गावाचे नाव हीच इथे ओळख ठरते, ती सांगायला लाजू नका.

दारात पाळक हात मिळवतात, तेव्हा पत्र त्यांच्या हाती द्या आणि दोन वाक्यांत आपली माहिती सांगा. लगोलग विचारायचे प्रश्न तीनच: तरुण संघ कधी भरतो, माझ्या वसतिगृहाजवळ घरगुती प्रार्थना कोणाकडे होते, आणि महाविद्यालयातील आणखी कोण येते. रविवारी रात्री अनेक मेस बंद असतात हेही सहज बोलून टाका. हे विनोदाने लिहीत नाही. मंडळीतील मावशींना विद्यार्थ्याच्या आत्म्याआधी पोटाची काळजी वाटते, आणि पुष्कळदा सहभागितेची सुरुवात तिथूनच होते.

4. महाविद्यालयातील विद्यार्थी गट

चर्च आणि विद्यार्थी गट एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. चर्चमध्ये आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे असतात. गटात तुमच्याच वयाचे आणि तुमच्याच परीक्षा देणारे. देशपातळीवर तीन जुन्या चळवळी आहेत, त्यांची नावे माहीत असू द्या: 1912 पासून काम करणारी स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया, 1924 मध्ये सुरू झालेली कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन म्हणजे आयकफ, आणि 1954 मध्ये स्थापन झालेली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, जिच्या स्थानिक गटाला विद्यार्थी सवयीने ईयू म्हणतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी इव्हँजेलिकल मेडिकल फेलोशिप ऑफ इंडिया आहे. तुमच्या शहरात यांपैकी कोणाचा गट सध्या भरतो, हे पाळकांना किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारा. विद्यार्थी गट दर तीन वर्षांनी नवे होतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून राहू नका.

गट नसेल तर दोघातिघांनी सुरू करता येतो. आम्ही तिघी होतो, एक परभणीची, एक उदगीरची आणि मी. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, पाऊण तास: एक गीत, एक अध्याय, प्रत्येकीच्या घरासाठी प्रार्थना. तिघींपैकी एकीला गीताची चाल कधीच जमली नाही, पण तीच सर्वांत वेळेवर येत असे. जागेबाबत एक सावधगिरी बाळगा. वसतिगृहाच्या खोलीत रेक्टरला न सांगता आठ-दहा जणांची गाणी आणि प्रार्थना सुरू केल्या की तक्रार होते, आणि ती योग्यही असते, कारण शेजारच्या खोलीत कोणीतरी अभ्यास करत असते. रेक्टरला भेटून स्पष्ट विचारा. परवानगी नाही मिळाली तर जवळच्या मंडळीतील एखाद्या घरी किंवा चर्चच्या सभागृहात जमा. दुसऱ्या धर्माचा मित्र उत्सुकतेने आला तर त्याला बसू द्या, चहा द्या, पण त्याच्यावर कसलाही दबाव किंवा कसलेही आमिष नको. मुलींनी वसतिगृहाच्या दाराची वेळ गटातील सर्वांना पहिल्याच दिवशी सांगावी, म्हणजे सातच्या आत सभा संपवण्याची जबाबदारी एकटीवर येत नाही.

5. जिथे सावध राहायचे

नव्या विद्यार्थ्याला एकटेपणा असतो, आणि एकटा माणूस कोणी गोड बोलले की लगेच जोडला जातो. बहुतेक आपुलकी खरी असते. पण काही गट नेमके पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्याच शोधात असतात, आणि त्यांची चिन्हे ओळखण्याजोगी असतात.

"हा अभ्यास चालू आहे हे सध्या घरी किंवा तुमच्या पाळकांना सांगू नका" असे जिथे सांगितले जाते, तिथून त्याच दिवशी बाहेर पडा. पवित्र शास्त्राच्या अभ्यासात लपवण्यासारखे काहीच नसते. दुसरे चिन्ह, तारण फक्त आमच्याच मंडळीत आहे आणि तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, असे पहिल्या महिन्यातच ठासून सांगणे. बाप्तिस्म्याच्या वयाबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांत जुना आणि प्रामाणिक मतभेद आहे, त्यावर वाचा, विचारा, घरच्यांशी बोला. पण अठराव्या वर्षी, परीक्षेच्या आठवड्यात, "उद्याच पाण्यात उतर" अशी घाई करणाऱ्याच्या मागे जाऊ नका. तिसरे, पैसे. विद्यार्थ्याने दानपेटीत दहा रुपये टाकले तरी ते दान असते. घरून आलेल्या पैशांचा दशमांश नोंदवहीत लिहून मागणे, किंवा "बी पेरा, नोकरी मिळेल" असे सांगून ऑनलाइन पैसे मागणे, ही वेगळी गोष्ट आहे. चौथे, औषध बंद करायला सांगणे. प्रार्थनाही करा आणि गोळीही घ्या.

पाचवे चिन्ह सूक्ष्म आहे आणि मी त्यात स्वतः अडकले होते. एका गटात आठवड्याला चार सभा असत, आणि एखादी चुकली की इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायातील एकत्र मिळण्याविषयीचे वचन मला मोबाईलवर पाठवले जाई. वचन खरेच होते, म्हणून मला उत्तर सुचत नसे. पहिल्या सत्रात माझे दोन विषय राहिले. शेवटी मी गावच्या पाळकांना सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच विचारले: "तू आजारी पडून सभा चुकलीस, तेव्हा ते वचन घेऊन आले की दूध घेऊन?" त्यानंतर मी तिथे गेले नाही.

कोणत्याही गटाबद्दल शंका आली तर तीन प्रश्न विचारा: तुमचे पाळक किंवा नेते कोणाला उत्तरदायी आहेत, जमाखर्च कोण पाहते, आणि माझे आईवडील एखाद्या सभेला येऊन बसले तर चालेल का. उत्तरापेक्षा प्रश्न ऐकतानाचे चेहरे अधिक सांगून जातात.

6. नाव, जात आणि छायाचित्र

या विषयावर चर्चमध्ये उघड बोलले जात नाही, म्हणून इथे लिहिते. 1950 च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नसे. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती व मुस्लिमांचा झालेला नाही. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मूळचा दलित असल्याने, एकाच बाकावर बसणाऱ्या चार विद्यार्थ्यांच्या घरी कागदांची चार वेगवेगळी परिस्थिती असू शकते. स्वतःच्या दाखल्याबद्दल आणि शिष्यवृत्तीबद्दल जाणकार वकिलाला किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारा; वरच्या वर्गातील मित्राच्या ऐकीव सल्ल्यावर अर्ज भरू नका. अर्जात खोटे लिहिणे पुढे पदवीपर्यंत त्रास देते.

गटात वागताना मात्र नियम सोपा ठेवा. नव्याने आलेल्याला आडनावावरून जात विचारू नका, आणि सभेचे छायाचित्र कोणाच्याही परवानगीवाचून समाजमाध्यमांवर टाकू नका. काही जण घरच्यांच्या नकळत येत असतात, काहींच्या गावात वातावरण नाजूक असते. आमच्या गटात एका मुलीने नाताळचे छायाचित्र टाकले आणि तिसऱ्या दिवशी एकीचे वडील वसतिगृहाच्या दारात उभे होते. ती मुलगी पुन्हा आली नाही.

7. रविवारची परीक्षा आणि इतर अडचणी

लातूरला किंवा अन्यत्र नीट आणि जेईईच्या शिकवणीत असणाऱ्यांच्या सराव परीक्षा रविवारी सकाळीच असतात, आणि स्पर्धा परीक्षांचेही तेच. याबद्दल अपराधी वाटून घेण्यापेक्षा पर्याय शोधा: काही चर्चमध्ये संध्याकाळची उपासना असते, कॅथलिक विद्यार्थ्यांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या ऐवजी चालते, आणि आठवड्यातील घरगुती प्रार्थना तर असतेच. शिकवणीच्या वर्षात मी एका मैत्रिणीला महिन्यातून एकच रविवार मोकळा मिळालेला पाहिला; तो तिने कधी झोपून काढला नाही, हे मात्र खरे.

तालुक्याच्या गावी महाविद्यालय असेल आणि जवळ चर्चच नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या पाळकांना फोन करा. त्या बाजूला त्यांची महिन्याची फेरी असण्याची शक्यता असते, आणि तुमच्यासारखी आणखी दोन घरे त्यांना ठाऊक असतात. फोनवर ऐकलेले प्रवचन आजारपणात किंवा प्रवासात ठीक आहे. वर्षभर तेवढ्यावर भागवू नका, कारण मोबाईल तुमच्या गावचे नाव विचारत नाही.

वर्षातील तीन प्रसंग चुकवू नका, तिथे नवखा माणूस एका दिवसात घरचा होतो. नाताळपूर्वी रात्री घरोघरी गाणी म्हणत जाणारा गट. आवाज नसला तर बॅटरी धरा. उत्तम शुक्रवारची बारा ते तीनची उपासना, ज्यात अनेक ठिकाणी क्रूसावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि त्यांत एखादा विद्यार्थी हवाच असतो. आणि हंगामाच्या सणाचा लिलाव, ज्यात लोकांनी अर्पण केलेल्या भाज्या, कोंबड्या आणि धान्य चर्चच्या अंगणात बोली लावून विकले जाते. खिशात पन्नास रुपये ठेवून जा. मी पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहात एक दुधी भोपळा जिंकला आणि वसतिगृहात त्याचे काय करावे ते न कळून छत्रीवाल्या आजींकडेच नेऊन दिला.

8. शहर सोडताना

शेवटच्या सत्रात दोन कामे आठवणीने करा. पाळकांकडून परतीचे पत्र घ्या. नोकरीसाठी पुण्याला किंवा मुंबईला गेलात तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात होते आणि तिथे गावाचे नाव इतके चालत नाही. दुसरे, तुमच्या महाविद्यालयात येणाऱ्या पुढच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचे नाव व क्रमांक तरुण संघाच्या वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीचे पहिले पान फाटले आहे, दुसऱ्यावर परभणीच्या मुलीचे अक्षर आहे, आणि या जूनमध्ये तिथे किनवटच्या एका मुलाचे नाव लिहिले गेले आहे, ज्याला मी अजून भेटलेले नाही.